वरच्या गटातलं एक वर्ष

उस्मानाबादमधून लातूरचा वेगळा जिल्हा झाला तेव्हा अहमदपुरातही पेढे वाटले. तिथल्या सिंधु सोनकांबळेचा संघ मात्र त्याच दिवशी फुटला. ती उस्मानाबाद जिल्ह्याकडून कबड्डी खेळायची. परंड्याची कुसुम देशपांडे चढाईला जायची आणि सिंधु डावा कोपरा सांभाळायची. कित्येक स्पर्धांत दोघी एका ताटात जेवल्या, एका सतरंजीवर झोपल्या. आता कुसुम जुन्या जिल्ह्यात राहिली आणि सिंधु नव्यात गेली.

विभागीय स्पर्धेत नव्या जिल्ह्याला खालच्या गटातून सुरुवात करावी लागली. शाळेत खेळ शिकवणाऱ्या महादेवप्पा सरांनी उदगीर, निलंगा, देवणीकडच्या पोरी जमवल्या, आणि पहिल्याच वर्षी लातूर खालचा गट जिंकून वर चढलं. सिंधु कप्तान होती. राज्याच्या शिबिराला वरच्या गटातल्याच मुली निवडल्या जायच्या, म्हणून ती तेव्हापासून हरखून गेली होती.

दुसऱ्या वर्षी पाऊसच झाला नाही. मैदानाजवळची विहीर आटली. निम्म्या पोरी दिवसभर दुष्काळी कामावर खडी फोडायच्या आणि दिवस कलताना सरावाला यायच्या. तळहाताला फोड आलेले, त्यामुळे धरलेला पाय सुटायचा. घराघरात त्यांच्या लग्नाची बोलणी सुरू होती. त्यात जिल्ह्याच्या समितीने सरांना बजावलं होतं की संघ खाली घसरला तर पुढच्या साली मुलींचा संघच पाठवायचा नाही.

स्पर्धा नांदेडला होती. लातूरने एकच सामना जिंकला, तोही नांदेडविरुद्ध. बाकी सगळे हरले. नांदेडच्या खात्यात फक्त एक बरोबरी होती. शेवटचा सामना नांदेड आणि उस्मानाबादचा. नांदेड जिंकलं तर लातूर तळाला जाऊन खालच्या गटात पडणार होतं. उस्मानाबादला मात्र त्या सामन्यात मिळवायचं किंवा गमवायचं काही उरलं नव्हतं. कुसुमची शिबिरासाठी निवड झालेली होती, म्हणून तिचे सर तिला बाहेर बसवणार होते.

हे कळलं तशी सिंधु मंडपामागे पाण्याच्या पिंपाशी गेली. कुसुम तिथे तोंड धूत होती.

"ताई, तू बाहेर बसू नको," सिंधु म्हणाली. "नांदेड हरलं तरच आम्ही राहतोव. न्हाईतर सगळ्या पोरी घरी बसत्यात."

"गुडघा दुखायलाय गं," कुसुम म्हणाली. सिंधु तिथून हलली नाही. कुसुमने वेणी वर बांधली आणि ती आपल्या सरांकडे गेली. त्यांच्याशी तिची चांगलीच हुज्जत झाली. शेवटी ती मैदानात उतरली.

मध्यंतरापर्यंत उस्मानाबाद बरंच पुढे होतं. तेवढ्यात महादेवप्पा सरांनी पुन्हा हिशेब केला आणि सिंधुला जवळ बोलावलं. बरोबरी झाली तरी चालेल, ते म्हणाले. नांदेड आणि लातूर सारखे होतील, पण आपसातला सामना लातूरने जिंकलेला असल्यामुळे लातूरच राहील. कुसुमला जाऊन सांगावं, असं सिंधुच्या मनात आलं. पण उस्मानाबाद एवढं पुढे असताना सांगायची गरज तरी काय, म्हणून ती गेली नाही.

उत्तरार्धात नांदेडच्या पोरींनी एकेक गुण भरून काढला. माणसं दोरीपर्यंत सरकली होती, शिट्ट्या वाजत होत्या. गुण समसमान झाले आणि शेवटची चढाई कुसुमची आली. चढाईत ओलांडावीच लागणारी निदानरेषा ओलांडून ती नुसती परत आली असती तरी लातूर वाचत होतं.

सिंधु उभी राहून ओरडली, "ताई, परत ये! परत ये!"

त्या गलक्यात शब्द कुणालाच कळले नसते. कुसुमला फक्त आवाज ओळखू आला. तिने सिंधुकडे पाहिलं आणि ती आणखी आत शिरली. कोपऱ्यातल्या मुलीने तिचा घोटा धरला, दुसऱ्या दोघी वरून पडल्या. पंचांची शिट्टी झाली, नांदेडचा गुण लागला आणि लोक नाचत मैदानात घुसले. सगळ्या बाजूला झाल्या तरी कुसुमला उठता येईना. तिचा पाय गुडघ्यापासून भलतीकडे वळला होता.

महिन्याभराने सिंधु परंड्याला गेली. कुसुमच्या आईने, उमाबाईंनी, तिला आत नेलं, चहा दिला, आणि सोलापूरच्या डॉक्टरांनी खेळ बंद सांगितल्याचं हळू आवाजात कानावर घातलं. कुसुम खाटेवर पडून होती. दोघी बराच वेळ संघातल्या पोरींविषयी, दुष्काळाविषयी बोलल्या. मग कुसुमने विचारलं,

"बरोबरी चालली असती म्हणे?"

"हाव."

"तुला ठाऊक होतं?"

सिंधुला नाही म्हणता आलं असतं. "मध्यंतराला कळलं," ती म्हणाली.

"मग सांगितलं का नाहीस?"

सिंधु चादरीच्या काठाला बोट लावून बसून राहिली. कुसुम ना रडली, ना रागावली. तिने तोंड भिंतीकडे केलं आणि म्हणाली, "तुझी एसटी चुकेल. जा आता."

समितीने बोलल्याप्रमाणे मुलींचा संघ बंद केला. उन्हाळ्यात उदगीरच्या दोघींची लग्नं झाली. महादेवप्पा सरांनी एकदा-दोनदा सरावाला बोलावलं, पण सातजणीही जमल्या नाहीत, मग त्यांनीही नाद सोडला. सिंधु रोज सकाळी आईबरोबर खडीच्या कामावर जाऊ लागली. परंड्याला ती पुन्हा गेली नाही, आणि कुसुमनेही कधी बोलावलं नाही.