उन्हात काळी होणारी काच

अक्काबाईंनी चष्मा काढला, पदरानं दोन्ही काचा पुसल्या आणि टेबलावर ठेवायच्या ऐवजी पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"आजी, तो इथं ठेवायचाय," परीक्षक पेठकर म्हणाले.

"ठिवते की. पर मंग तुमी दिसणार न्हाय मला. तोंड न दिसणाऱ्या माणसाशी मी काय बोलू?"

पेठकरांना हसू आलं, ते त्यांनी खोकल्यात लपवलं. बरं, राहू द्या, म्हणाले. भिंतीकडेच्या खुर्चीवर बसलेल्या करुणाला मात्र हसू आलं नाही. आई एकदा रंगात आली की थांबत नाही, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. आणि आज आई रंगात आली तर करुणाच्या सहा वर्षांच्या कामावर पाणी पडणार होतं.

बारामतीच्या विश्रामगृहातली ती खोली एप्रिलच्या उन्हानं नुसती तापली होती. पंखा फिरत होता, पण वारा कुठं जात होता कोण जाणे. पेठकर मुंबईच्या पेटंट कचेरीतून आले होते. खरं तर साक्ष मुंबईलाच व्हायची. पण अक्काबाईंच्या दुसऱ्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन महिना झाला नव्हता आणि डॉक्टरांनी लांबच्या प्रवासाला साफ मनाई केली होती. निमगाव केतकीहून बारामतीपर्यंत एसटीनं येणं जमण्यासारखं होतं. म्हणून मग कचेरीच बारामतीला आली.

करुणा मखरे बारामतीच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची. उन्हात काळी आणि सावलीत पांढरी होणारी चष्म्याची काच ही काही नवी गोष्ट नव्हती. पण बाजारातल्या त्या काचा थंड हवेत लाडावलेल्या. इंदापूरकडच्या उन्हात तापल्या की काळं व्हायचंच विसरून जात. करुणानं खटपट करून असं रसायन बनवलं, की काच कितीही तापली तरी रंग धरून राहावा. खुद्द रसायनाचं पेटंट मागता येत नसे, तेव्हा कायदाच तसा होता. मागायचं ते रसायन बनवण्याच्या आणि काचेत मुरवण्याच्या रीतीचं. तसा अर्ज तिनं केला आणि एका कंपनीनं त्यावर हरकत घेतली. म्हणे, ही काच अर्जाच्या आधीच निमगावच्या आठवड्याच्या बाजारात सगळ्यांनी पाहिलीय, मग नवी कसली? जे आधीच उघड झालं, त्याला पेटंट मिळत नाही.

बाजारात ती काच घालून बसणारी बाई म्हणजे करुणाची आई.

"आईंना काही शिकवू नका," करुणाच्या मुंबईच्या पेटंट एजंटानं फोनवर बजावलं होतं. "शिकवलेलं लगेच कळतं." म्हणून तिनं आईला एवढंच सांगितलं होतं, की विचारतील ते खरं सांग. त्यावर अक्काबाई उलट तिच्यावरच उखडल्या होत्या. "आता तू मला शिकीव! रोज पंचशील म्हणते मी. खोटं बोलायचं न्हाय, ते चौथं शील हाय."

कंपनीचे वकील मानसिंगराव जगदाळे खुर्ची पुढं ओढून बसले. कोट काढून त्यांनी खुर्चीच्या पाठीला लावला. माणूस मोठा गोड. वकिली पुण्यात असली तरी मूळचे इथल्याच, जवळच्या पणदऱ्याचे. अक्काबाईंशी बोलताना पुण्याची भाषा त्यांनी कोटाबरोबरच काढून ठेवली.

"अक्का, लेक गुणाची हाय तुमची."

"व्हय. बाप न्हवता, तरी शिकली. ज्ञानू मखऱ्याची लेक म्हणून समदं निमगाव वळखतं तिला."

"आन चष्माबी झकास केलाय. तिनंच दिला न्हवं?"

"मंग दुसरं कोण देतंय?"

"कवा दिला म्हणायचा?"

"पयल्या डोळ्याचं आपरेशन झालं, त्याच उन्हाळ्यात."

तो उन्हाळा अर्जाच्या आधीचा होता. पेठकर लिहू लागले. करुणा त्यांच्या पेनाकडं बघत राहिली. खरं तर एवढं तिनं स्वतःच मान्य केलं होतं.

"बाजारातबी घालत हुता?"

"चष्मा काय गाडग्यात ठिवत्यात व्हय, वकीलसायेब? भेंडी इकायची तर गिऱ्हाइकाचं तोंड नको दिसाया?"

"लोकं इचारत आसतील."

"इचारत्यात म्हंजी! झुंबड उडायची. पालाखालनं उन्हात आली की काच काळी, परत पालाखाली गेली की पांढरी. पोरं म्हणायची, अक्के, परत एकदा कर की."

आई गं, पुरे कर, असं करुणाला ओरडावंसं वाटत होतं. पण पेठकरांनी सुरुवातीलाच सांगून ठेवलं होतं, की मध्ये एक शब्द जरी बोललात तरी बाहेर बसावं लागेल.

मानसिंगराव आणखी पुढं झुकले. "शेजारी छबूबाई बसत्यात न्हवं तुमच्या? त्यास्नी काय म्हणाला हुता तुमी? लेकीनं भेट दिलीया, आसंच ना?"

छबूबाईंनी काही वाईट मनानं सांगितलं नव्हतं. कंपनीचा माणूस बाजारात आला, गवार घेतली, शेजारणीच्या चष्म्याची चौकशी केली. अक्काच्या लेकीचं कौतुक करायची अशी आयती संधी छबूबाई सोडणार होय! भेट हा शब्द त्यांच्या तोंडून गेला आणि तो कागदावर उतरवून खाली त्यांचा अंगठाही घेतला गेला.

अक्काबाईंनी करुणाकडं पाहिलं. करुणा मान खाली घालून एका हातानं दुसऱ्या हाताचा अंगठा चोळत होती. दहावीच्या निकालाच्या दिवशीही ती अशीच अंगठा चोळत बसली होती.

"सायेब," अक्काबाई पेठकरांकडं वळल्या, "भेट म्हणलं तर काय हुतं?"

"अक्का, तुमी त्यात नका पडू," मानसिंगराव मध्येच म्हणाले. "हाय ते सांगून मोकळं व्हा."

पेठकरांनी पेन खाली ठेवलं. "प्रश्न कशासाठी आहे, हे साक्षीदाराला कळलं पाहिजे, वकीलसाहेब. आजी, हे बघा. मुलीनं ही काच तुम्हाला देऊनच टाकली असेल, तर ती अर्जाच्या आधी जगजाहीर झाली. मग पेटंट नाही. पण नुसती तपासायला दिली असेल, तर गोष्ट वेगळी. ही काच तपासायची तर ऊन पाहिजेच. मग ती चारचौघांनी पाहिली तरी कायदा ते धरत नाही."

"ही शिकवणी झाली, साहेब. माझी हरकत नोंदवा."

"नोंदवतो."

"म्हंजी भेट आसंल तर लेकीचं काम गेलं," अक्काबाई सावकाश म्हणाल्या. "आन तपासाया दिला आसंल तर ऱ्हायलं."

"तसंच. म्हणून जे खरं असेल तेच सांगा."

अक्काबाईंनी पदर सावरला, हात मांडीवर ठेवले, पुन्हा उचलले.

"भेट न्हवती," अक्काबाई म्हणाल्या. "तपासाया दिला हुता."

"मग छबूबाईंना भेट का म्हणालात?" मानसिंगरावांची पणदऱ्याची भाषा एका क्षणात गळून पडली.

"मंग काय सांगू तिला? लेक माझ्यावर औषिदं करून बघतीया, आसं सांगू भर बाजारात? आईला काय लाज न्हाय व्हय? मिरवलं मी जरा."

"छान. मग काय काय तपासलं जायचं ते सांगा. तपशिलात सांगा."

करुणानं आईला तपासणीचं कधीच काही सांगितलं नव्हतं. विचारलंही नव्हतं.

"दर ऐतवारी यायची," अक्काबाई म्हणाल्या. "आली की पयला चष्मा मागायची. म्हणायची, आई, अंगणात चल. आन भर उन्हात मला उभी करायची."

"पुढे?"

"पांढरा कागुद धरायची काचंमागं. घड्याळाकडं बघायची. मंग लिंबाखाली न्यायची, आन परत घड्याळ. मी म्हणायची, आगं, कालवण निवतंय, दोन घास खा. ती म्हणायची, थांब, हालू नको."

हे बोलताना सुरुवातीला अक्काबाईंच्या आवाजात एक ठसका होता, बाजारात भाव सांगताना असतो तसा. तो हळूहळू कमी होत गेला. शब्दांमध्ये अंतर पडू लागलं.

"एकदा दुपारचं पत्र्यावर ठिवला हुता चष्मा, चांगला तापस्तवर. मंग म्हणाली, घाल. नाकाला चटका बसला हुता." त्यांनी नाकाच्या दांडीवर बोट फिरवलं. "तवाबी कागुदच धरला हुता तिनं."

करुणा आपल्या चपलांकडं बघत राहिली. तिचे कान तापले होते. तो चष्मा आधी ती कॉलेजचा वॉचमन झुंबर याला देणार होती, कारण तोही दिवसभर उन्हात असायचा. पण झुंबरला नंबर नव्हता. आईला होता.

"माझा एक प्रश्न आहे," पेठकर म्हणाले. "त्या रविवारी तुमच्या डोळ्यांबद्दल काही विचारायची का? पाणी येतं का, दुखतं का, असं?"

अक्काबाई बराच वेळ आठवत राहिल्या. मग त्यांनी मान हलवली.

"न्हाय. काचंबद्दलच इचारायची."

"मला पुरे आहे," पेठकर म्हणाले. मानसिंगरावांनी कोट उचलला. त्यांना आणखी काहीच विचारायचं उरलं नव्हतं, आणि ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

मायलेकी एसटी स्टँडवर आल्या तेव्हा ऊन डोक्यावर होतं. निमगाववरून जाणारी इंदापूरची गाडी अजून लागायची होती. आत बाकडी होती, पण अक्काबाई बाहेर उन्हातच थांबल्या.

"जितलीस न्हवं?" त्यांनी विचारलं.

"निकाल मुंबईहून यायचाय. पण हो, जिंकल्यासारखंच आहे."

"बास तर." मग त्यांचा आवाज उतरला. "करुणे, आज चौथं शील मोडलं मी. एवढ्या वर्सांत पयल्यांदा. तुझ्यासाठी मोडलं, त्याचं काय न्हाय. मी चांगली रंगवून सांगणार हुते, त्या वकिलाला पार फिरवून टाकणार हुते."

"आई..."

"पर बोलता बोलता मलाच कळंना झालं. तूच सांग. मी बोलले त्यात खोटं कुठलं हुतं?"

करुणानं तिच्याकडं पाहिलं. काचा काळ्याभोर झाल्या होत्या, एप्रिलच्या उन्हात व्हायला हव्यात तशा अगदी. आपण पुन्हा काचाच बघतोय, हे तिच्या लक्षात आलं आणि तिला स्वतःची किळस आली. मागचे डोळे दिसतच नव्हते. भेटच होती गं, असं म्हणणं किती सोपं होतं. पण मग आईनं शील मोडलं, हे तसंच राहणार होतं, आणि ते ती रोज सकाळी हात जोडताना आठवणार होती. शील परत द्यायचं तर भेट काढून घ्यावी लागत होती.

"काहीच नाही," करुणा म्हणाली. "तू खोटं बोलली नाहीस, आई. एक शब्दसुद्धा नाही."

अक्काबाई हलल्या नाहीत.

"व्हय का," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "बरं झालं. शील ऱ्हायलं."

गाडी आली. करुणानं पिशवी वर दिली. अक्काबाई स्वतःच दांडी धरून चढल्या आणि खिडकीला बसल्या. करुणा खाली खिडकीशी उभी राहिली.

"तपासून झालं न्हवं आता समदं?"

"झालं."

"मंग ऐतवारी मुद्दाम नको येत जाऊ. तुला कालेजची कामं आसत्यात."

रागानं म्हणाल्या असत्या तर करुणाला बरं वाटलं असतं. पण आवाजात राग नव्हता. शेजारच्या बाईला सांगावं तसं त्यांनी सांगितलं आणि समोर बघत बसल्या.

कंडक्टरनं घंटी मारली. गाडी हलली. आता आतल्या सावलीत काचा पांढऱ्या व्हायला लागतील, करुणाच्या मनात आलं, आणि सवयीनं तिचा हात वर गेला, मनगटावरचं घड्याळ डोळ्यांसमोर आलं. तिनं हात झटकन खाली घेतला. मग ती धावत सुटली आणि गाडी थांबेपर्यंत पत्र्यावर थाप मारत राहिली.

"काय बाई, मगाशी काय करत होता?" कंडक्टर वैतागला. "कुठं जायचंय?"

"निमगाव केतकी."

ती सीटपर्यंत आली. अक्काबाईंनी तिच्याकडं पाहिलं, शेजारची पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि खिडकीकडं सरकल्या.

"आज बुधवार हाय," त्या म्हणाल्या.

"माहितीय." करुणा बसली. काचा जवळजवळ पांढऱ्या झाल्या होत्या आणि त्यांच्यामागं आईचे डोळे लाल दिसत होते. "डोळे कसे आहेत गं तुझे?"