बोगद्याखाली कोण खणतंय

तू फक्त ऐक. मध्ये काही विचारू नकोस, नाहीतर माझा धागा तुटतो आणि मग मी भलतीकडेच जाते.

आधी एक धरून चाल, की पहिलं महायुद्ध झालंच नाही. होता होता राहिलं. दोन देश, मध्ये समुद्राची चिंचोळी पट्टी. दोघांनीही तोफांसाठी पोलाद जमवलेलं, दारूगोळा भरून ठेवलेला, पोरं भरती करून ठेवलेली. आणि ऐनवेळी कुणाला तरी अक्कल सुचली. म्हणाले, लढण्यापेक्षा बोगदा खणू. समुद्राच्या तळाखालून, या किनाऱ्यापासून त्या किनाऱ्यापर्यंत, आतून रेल्वे जाईल एवढा. झालं. तोफांच्या पोलादाचे रूळ झाले, आणि जी पोरं खंदकात मेली असती ती बोगद्यात घाम गाळायला लागली.

दोन्हीकडून खणत यायचं आणि मध्ये भेटायचं, असं ठरलं. पण काल-परवापर्यंत एकमेकांच्या नरडीला हात घालायला निघालेली माणसं ही. विश्वास कुठून आणणार? म्हणून करारात दोन अटी घातल्या. एक, प्रत्येकाने आपला निरीक्षक दुसऱ्याच्या किनाऱ्यावर राहायला ठेवायचा. आणि दुसरी, शांत तास. दुपारी जेवायच्या वेळी दोन्हीकडचं काम एकदम बंद. सगळे वर येणार, खाली एकच माणूस राहणार. त्याने खडकाला कान लावून पलीकडचे ठोके ऐकायचे, आपले द्यायचे, म्हणजे दोघं एकमेकांकडेच येतोय ना, याची खात्री. ठोक्यांची भाषा पण एवढीशीच. एक ठोका म्हणजे आम्ही आहोत. दोन म्हणजे ऐकू आलं. आणि सलग सहा म्हणजे पाणी फुटलं, दोन्हीकडची सगळी माणसं बाहेर काढा. चौथं वाक्यच नाही त्या भाषेत.

आपल्या बाजूला हे काम एका मुलीकडे होतं. सगळे तिला कानवाली म्हणायचे. आधी ती टेलिफोन एक्सचेंजमध्ये बसायची आणि पलीकडचा माणूस हॅलो म्हणायच्या आत नुसत्या श्वासावरून सांगायची की हा आता थाप मारणार. तिचा दादा बोगद्यात खणायला होता, त्यानेच तिला चिकटवून घेतलं. राहायची पण त्याच्याकडेच. दादा, वहिनी आणि ही, लाँड्रीच्या वरच्या दोन खोल्यांत, जिथे खालची वाफ फटींतून वर यायची आणि कपाटातले कपडे कायम ओलसर.

तर एका दुपारी ती खडकाला तांब्याचं नरसाळं लावून बसली होती. पलीकडच्याचा ठोका आला, नेहमीसारखा जरा आळसावलेला. तो कोण, कसा दिसतो, हिला काही माहीत नाही, पण तो ठोकायच्या आधी जांभई देतो अशी हिची पक्की खात्री होती. हिने दोन ठोके दिले. आणि नरसाळं काढणार, तेवढ्यात खालून आवाज आला.

समोरून नाही. खालून.

थप. मग खर्र, काहीतरी ओढल्यासारखं. परत थप.

आता बघ, सगळी माणसं वर जेवतायत. मग खाली कोण? आणि बोगद्याच्या खाली तर काहीच नाही, नुसती जमीन. तिला वाटलं, झालं, पलीकडचे आपल्या बोगद्याखाली गुपचूप दुसरा बोगदा खणतायत. त्यात दारू ठासणार आणि एक दिवस वात पेटवणार. आणि बरोबर त्याच्यावर उभं राहून कोण खणतंय? तिचा दादा.

ती तडक मोठ्या साहेबांकडे गेली. मोठे साहेब म्हणजे सगळ्या बोगद्याचे इंजिनिअर, टेबलावर काचेच्या बरणीत पहिल्या दिवशीची माती ठेवणारे. तिने सांगितलं, खालून खणल्याचा आवाज येतो. आता कुठलाही माणूस काय विचारेल? कसला आवाज, किती खोल, कुठल्या बाजूने. बरोबर? साहेबांनी यातलं एक अक्षर विचारलं नाही. उठले, दार लावलं आणि म्हणाले, "हे आणखी कोणाला बोललात?"

नाही म्हणाली ती. मग म्हणाले की लाकडाचे टेकू बसताना असा आवाज होतो, घाबरायचं कारण नाही. आणि दुसऱ्या दिवसापासून शांत तासाला स्वतः तिच्या मागे येऊन उभे राहायला लागले. म्हणजे घोडं कुठेतरी पेंड खात होतं, हे तिला कळलं. फक्त कुठे ते कळेना.

घरी तिने दादाला गाठलं. आठ दिवस आजारी पड, पाया पडते, पण खाली जाऊ नकोस. दादा हसला. पण कसा, तर फोटो काढताना हसतात तसा. "बोगद्याच्या खाली कोण खणणार? मासे?" म्हणाला आणि ताटाकडे बघत बसला. ताटात काही नव्हतं, जेवण संपलेलं होतं.

आणि इकडे वहिनीच्या डोक्यात वेगळाच किडा. तिने एक दिवस हिला कपडे वाळत घालायच्या निमित्ताने गच्चीवर नेलं आणि चिमटे तोंडात धरून बोलायला लागली. हिला आधी काही कळेना. मग चिमटे काढले आणि सगळं बाहेर आलं. आधी हा माणूस घरी यायचा तो पिठाच्या पोत्यात पडल्यासारखा पांढराफटक, तिकडचा खडकच खडूसारखा ना. आता येतो तो आंघोळ करून. बूट पुसून. ज्याने लग्नापासून स्वतःचा कप विसळला नाही, तो बूट पुसतो.

"आणि पूर्वी खांदे दुखायचे," वहिनी म्हणाली. "आता पाय दुखतात म्हणे. पोटऱ्या चोळून दे, तळवे चोळून दे. खणणाऱ्या माणसाचे पाय कशाने दुखतात गं? नाचतोय तो. कुठल्या तरी हॉलमध्ये कुणातरी सटवीबरोबर नाचतोय, आणि तळवे मी चोळतेय."

कानवालीला हसू फुटलं. दादा आणि नाच! स्वतःच्या लग्नात लोकांनी हाताला धरून उभा केला होता तर खांबासारखा उभा राहिला होता तो. ती हसत हसत जिना उतरली, आणि अर्ध्या जिन्यातच तिचं हसू विरलं.

कारण पाय कशाने दुखतात हे तिला माहीत होतं. त्यांचे वडील शहराची गटारं खणायचे. रस्ता वर तसाच चालू ठेवून खालून खणायचं असेल, तर घाव घालून चालत नाही, हादरा बसतो. मग काय करायचे, तर तिरक्या फळीवर पाठ टेकून आडवं व्हायचं आणि दोन्ही पायांनी फावडं मातीत दाबायचं. चिखलमातीत बरोबर चालतं ते. वर उभ्या माणसाला पत्ता लागत नाही. फावडं घुसताना थप, माती ओढताना खर्र. वडिलांनी ते एकाच माणसाला शिकवलं होतं.

रात्रीच्या जेवणाला दादा पाय पसरून बसला होता. दोन्ही तळव्यांच्या मधोमध आडवा निळा वळ, फावड्याच्या कडेचा. वडिलांना होता तस्साच. तिने बघितलं. तिने बघितलेलं दादाने बघितलं. त्याने घाईघाईने मोजे चढवले.

म्हणजे पलीकडचे नाहीच. खाली खणत होते ते आपलेच. आणि ज्याच्या जिवासाठी हिचा जीव टांगणीला लागला होता, तोच खाली फावडं चालवत होता. शांत तासातच का, तेही आता कळलं. बोगदा रिकामा असतो, माती न्यायला वाट मोकळी, बघायला कुणी नाही. ऐकायला फक्त ही.

दुसऱ्या दिवशी कामावर जाताना तिने त्याला रस्त्यातच धरलं. त्याने ताकास तूर लागू न देणं सोडून दिलं, बहुतेक त्यालाही ओझं झालं होतं. खालच्या मातीत एक कोठी करतायत, म्हणाला. दारू भरून ठेवायची. उद्या त्यांचं सैन्य या बोगद्यातून आलं तर वात लावायची. नाही आलं, तर कुणाला कधी कळणारही नाही.

"आणि सैन्य समजून गाडीतली माणसंच उडवलीत तर?" ती म्हणाली.

"ते साहेब बघतील."

"ते कुणीच बघत नसतं, दादा."

तो पुढे निघून गेला. आता ऐक, इथे खरी गोम आहे.

त्याच दुपारी शांत तास. साहेब तिच्या मागे, हाताची घडी घालून. हिने नरसाळं लावलं. खालून चालूच, थप, खर्र. मग पलीकडून ठोका आला. एक. हिने दोन दिले. आणि मग पलीकडून असं काहीतरी आलं जे भाषेत नव्हतंच. जड ठोका, आणि मग हातोडा खडकावरून ओढल्याचा आवाज. थप, खर्र. थांबला. परत, थप, खर्र.

तो नक्कल करत होता. खालचा आवाज त्यानेही ऐकला होता. आणि जांभई देणारा तो माणूस आता जागा होऊन विचारत होता, हे काय आहे? तुम्ही आहात का?

की धमकी होती ती? आम्हाला कळलंय, असं? तिला सांगता येईना. श्वासावरून थाप ओळखणारी ती, पण खडकाला श्वास नसतो. एवढं मात्र तिला कळत होतं, की ही गप्प बसली तर तो वर जाऊन सांगणार. आणि जे युद्ध होता होता राहिलं, ते व्हायला आता एवढंसं निमित्त पुरलं असतं.

"काय म्हणतोय?" साहेबांनी विचारलं.

"नेहमीचंच," ती म्हणाली. हातोडा उचलला. आणि सलग सहा ठोके घातले.

साहेबांनी तिचा हात धरला तोवर सहावा पडला होता. पलीकडून लगेच सहा आले. वर भोंगा झाला, पलीकडच्या किनाऱ्यावर पण झाला असणार. आणि नियम म्हणजे नियम, पाण्याचा इशारा झाला की निरीक्षकाने येऊन माणसं मोजायची. ही वर पोचली तेव्हा पलीकडचा निरीक्षक तोंडातला घास तसाच ठेवून उभा होता. डबे घेऊन आलेल्या बायका, मुकादम, सगळे बोगद्यात उतरायच्या विहिरीच्या तोंडाशी गोळा. माणसं वरच जेवत होती, मोजणी लगेच जुळली, कोठीवाल्यांची नावं त्या यादीत नव्हतीच. तेवढ्यात बाजूच्या हवेच्या विहिरीतून, जिथून फक्त हवा जाते म्हणून सगळ्यांना माहीत, एकेक माणूस वर यायला लागला. खालीही सहा ठोके पोचले होते ना. पांढरे नाही, डोक्यापासून पायापर्यंत निळसर चिखलात. तिसरा दादा.

वहिनीने त्याला बघितलं आणि ती हसायलाच लागली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. नाच नव्हता, सटवी नव्हती, नुसता चिखल होता. गर्दीत ती एकटीच हसत होती.

निरीक्षकाने दादाच्या अंगावरचा चिखल बोटाने पुसून बघितला. साहेब धापा टाकत वर आले होते. ते पटकन म्हणाले, पाण्याचा संशय होता, म्हणून यांना खाली बघायला पाठवलं होतं. हिनेच पाणी ऐकलं, हिलाच विचारा.

सगळे हिच्याकडे वळले. म्हणजे एक हो म्हटलं की सुटले सगळे. दादा घरी, साहेब खुर्चीत, आणि कोठी जिथल्या तिथे. दादाने मान वर केली. एवढ्या वर्षांत त्याने हिच्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. आता मागत होता.

निरीक्षक इकडच्या भाषेत मोडकंतोडकं म्हणाला, "बाई. पाणी ऐकलं?"

"नाही," ती म्हणाली. "माणसं ऐकली. खणताना."

वहिनीचं हसणं थांबलं.

आपल्याच बाजूने कबूल केलं, म्हणून भडका उडाला नाही. ती कोठी दोन्हीकडच्या लोकांनी समोर उभं राहून बुजवली. साहेब गेले, बोगदा चालू राहिला. दादाला वर्षभर आत टाकलं आणि कुठल्याही खोदकामावर कायमची बंदी. आता तो खालच्या लाँड्रीत चादरी पिळतो, आणि वहिनी त्याचे तळवे नाही, हात चोळते. हिच्याशी कुणी भांडत नाही. ताट वाढतात, मीठ मागितलं तर मीठ देतात, आणि आपसात बोलत राहतात. ही जेवते आणि दुसऱ्या दिवशी परत नरसाळं घेऊन खाली जाते, कारण ऐकायला कुणीतरी लागतंच.

मी तिच्या जागी असते तर काय केलं असतं, मला खरंच माहीत नाही. सख्खा भाऊ समोर उभा, आणि फक्त एक हो म्हणायचं. तू सांग ना. तू काय केलं असतंस?