हिरड्यांची साक्ष

शिवणकामाच्या कारखान्यात मशिनं बंद होती आणि सगळे बेसिनपुढे रांगेत उभे होते. गोदामातून कापडाचा एक तागा गायब झाला होता. मालकांनी पोलिसांऐवजी बाबा बोलावला होता.

"जीभ खोटं बोलेल, हिरडी बोलणार नाही!" बाबा गरजत होता. "हे सत्यचूर्ण घासा. जो साव, त्याची थुंकी स्वच्छ. जो चोर, त्याचं पाप हिरडीतून लाल होऊन बाहेर पडेल!"

पाप म्हणे लाल असतं. बाबाला कुठे पाहायला मिळालं कोण जाणे.

काजं करणाऱ्या ताईची पाळी आली. आपला निर्दोषपणा सगळ्यांना दिसावा म्हणून तिने जीव खाऊन घासलं. थुंकली, तर बेसिन लाल! "अगंबाई," मागून कुणीतरी पुटपुटलं. रोज तिच्याशेजारी बसून जेवणाऱ्या मैत्रिणीने आपला डबा उचलून लांबच्या टेबलावर नेला. "उद्या तागा घेऊनच ये," मालक म्हणाले, "नाहीतर येऊच नकोस."

ताई तडक समोरच्या दातांच्या दवाखान्यात शिरली.

"डॉक्टरबाई, माझ्या हिरड्या चोर नाहीत, असं कागदावर लिहून द्या."

डॉक्टरबाईंना हसू आलं होतं, पण तिचा चेहरा बघून त्यांनी ते गिळलं. त्यांनी तोंड तपासलं. हिरड्या सुजून लालभडक झाल्या होत्या.

"आधीपासून रक्त येतंय ना?"

"हो. लाजेने कुणाला सांगितलं नाही. घासणंच सोडलं होतं."

"दिवस गेलेत का?"

ताईने मान खाली घातली. "तिसरा महिना. मालकांना कळलं तर कामावरून काढतील. त्यांना सांगू नका."

"नाही सांगणार. या दिवसांत हिरड्या अशा हुळहुळ्या होतात. त्यात घासणं सोडलंस, म्हणून आणखी सुजल्या. चल माझ्याबरोबर."

कारखान्यात येऊन त्यांनी चिमूटभर चूर्ण बोटांत चोळलं. ते वाळूसारखं करकरलं.

"याने कढया छान घासून निघतील. मालक, आता तुम्ही घासा."

"मी? माझाच तागा मी चोरीन?"

"मग घाबरताय कशाला?"

सगळे बघताहेत म्हटल्यावर मालकांनीही जोर लावून घासलं. थुंकले. लाल!

"हे मालकांच्या गेल्या जन्मीचं..." बाबा चाचरला.

"आणि ताईचं तेवढं याच जन्मीचं? बरं, आता महाराज, तुम्ही घासा."

बाबाने डबी पिशवीत टाकली. "माझं मौन सुरू झालंय," असं मोठ्याने सांगून तो चालता झाला.

"हिरड्यांच्या कडेला कीटण साचतं, त्याने त्या सुजतात," डॉक्टरबाई म्हणाल्या. "ब्रश कडक असला, हात जड असला, काही औषधं चालू असली, तरी त्या दुखतात, रक्त येतं. म्हणून घासणं सोडायचं नाही. मऊ ब्रशने, हलक्या हाताने घासायचं, आणि थांबलं नाही तर दाखवायचं. खरा चोर इथे असलाच, तर त्याने नुसतं बोट फिरवलं असेल. साव माणूस जोर लावतो आणि सापडतो. तागा हरवला तर गोदाम तपासा, पोलिसांत जा. माणसांच्या तोंडात काय शोधता?"

मालक रुमालाने तोंड दाबून उभे होते. "उद्यापासून ये," एवढंच ते कसंबसं म्हणाले, तेही जमिनीकडे बघत. कुणाचीच मान वर होत नव्हती. सगळ्यांनाच मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. मैत्रिणीने डबा परत आणला. "बस ना गं," ती हळूच म्हणाली.

ताई बसली नाही.

"इतकी वर्षं एका डब्यातलं खाल्लं आपण. मी चोर आहे का, हे त्या चूर्णाला विचारलंत. मला एकदा विचारायचं होतंत."