सोबत : सुपारी एक

मी सुपारी बोलतेय. पानात घालून चघळतात ती नव्हे, पाटावर मांडतात ती. माझ्या पोटावर गोल शिक्का आहे, कमरेला लाल फीत आहे, आणि मला आवक क्रमांकसुद्धा आहे. आमच्या कुळात एवढी बढती कुणाला मिळाल्याचं ऐकिवात नाही. म्हणून म्हटलं, आपणच सांगावं.

जन्म माझा कोकणातला. पोत्यात बसून घाट चढले आणि उंब्रजच्या बाजारात उतरले. येसूबाईंनी सत्यनारायणासाठी आम्हा पाच जणींना घेतलं. पूजा झाली, चौघी भटजींच्या पिशवीत गेल्या. मी तेवढी घरंगळून चौरंगाखाली राहिले. येसूबाईंना वाटलं, देवाला आपलंच घर आवडलं. त्यांनी मला धुतलं, पुसलं, हळदकुंकू लावलं, आणि मी त्या घरचा गणपती झाले.

कायमचा नव्हे हं. पूजा मांडली की गणपती, उत्तरपूजेच्या अक्षता पडल्या की पुन्हा सुपारी, आणि मुक्काम लवंगांच्या डबीत. एकदा येसूबाईंचे यजमान केरबा पानासाठी सुपारी शोधत त्या डबीपर्यंत पोचले. मला अडकित्त्यात धरलंसुद्धा. तेवढ्यात त्यांना कुंकू दिसलं. फौजेतून हवालदार होऊन आलेला माणूस तो, अडकित्ता खाली ठेवून त्यांनी मला खाडकन सॅल्यूट ठोकला.

येसूबाई व्रतवैकल्यांच्या बाई. काही ठरवायचं झालं की आधी कौल. पाटावर तांदळाची रास करायची, तिच्यावर मला बसवायचं, देठाचा डाग आपल्याकडे. डोळे मिटून विचारायचं. मी उजवीकडे घरंगळले तर होय, डावीकडे गेले तर नको.

आता तुमच्यापाशी लपवून काय करू? माझी एक बाजू जड आहे. जन्मतःच. त्या डागाप्रमाणे बसवलं की मी उजवीकडेच जाते. पूजेच्या वेळी देव माझ्यात येतो, याबद्दल मला शंका नाही, कारण अंग शहारतं. पण घरंगळणं मात्र माझं स्वतःचं.

म्हणून अठरा वर्षांत मी एकदाही नको म्हटलं नाही. म्हैस घेऊ? होय. विकू? होय. शेजारच्या बाळाबाई तर मला उसनी न्यायच्या. म्हणायच्या, "आमच्या घरची सुपारी लय तुसडी हाय गं. येसूबाईची कशी, गोड बोलती!"

पासष्ट साली घरची मुलगी मालन मॅट्रिक पास झाली. तिला नर्स व्हायचं होतं, आणि तिथंच गाडं अडलं. साताऱ्याला एका इस्पितळाच्या शाळेत दोन वाटा होत्या. एक दोन वर्षांची, दुसरी साडेतीन वर्षांची.

"दोनाची बरी," येसूबाई चुलीपाशी बसून म्हणाल्या. "दोन वरसं कवा गेली कळायची न्हाईत. गावाकडंच नेमणूक. बाळंतपणं करायची, लसी टोचायच्या. पुण्याचं काम."

"पुण्याचंच हाय, आई. पर त्याला सातवी पास चालती. मी मॅट्रिक झालीया. साडेतीन वरसं केली, परीक्षा दिली, की नर्सांच्या सरकारी नोंदवहीत नाव चढतं. नंबर मिळतो. रजिस्टर्ड नर्स."

"वहीत चढशील गं. नवऱ्याच्या घराची पायरी कवा चढायची? आटपाडीचं स्थळ आलंय, तलाठी हाय. साडेतीन वरसं तो काय सातबारा लिहीत बसंल व्हय तुझी वाट बघत?"

यावर केरबांनी बूट काढला. हा त्यांचा नेहमीचा मुद्दा. बासष्टच्या लढाईत बर्फानं त्यांचा पाय काळा पडला होता.

"बोटं मोजा," ते म्हणाले.

"मोजल्यात, धा येळा," येसूबाई म्हणाल्या.

"तीन हायती. डॉक्टर म्हनला, पाची बोटं काढा. सिस्टर म्हनली, सर, दोन दिस थांबा. आनि थांबला गं! कॅप्टन मानूस, बाईच्या शब्दावर थांबला! दोनच गेली."

मालन त्या पायाकडे बघत म्हणाली, "मला तसलं व्हायचंय. जिनं थांबा म्हटलं की डॉक्टर थांबतो."

झालं, माझी डबी उघडली. येसूबाईंनी विचारलं, दोन वर्षांचा कोर्स? मी होय म्हटलं. मालननं डोळे वटारले म्हणून विचारलं, साडेतीनाचा? होय. मग अगदी हळू आवाजात, आटपाडीचं स्थळ? होय.

दुसऱ्या कुणी मला चुलीत टाकलं असतं. येसूबाईंनी हात जोडले. "देवानं तिन्ही सांगितलंय. आपुन कोन मोडनार?"

"आगं, तीन मोर्च्यांवर एकदम लढाई?" केरबा ओरडले.

"बाप्पा बघंल."

त्याप्रमाणे मालननं दोन अर्ज भरले. केरबांनी आटपाडीला कळवलं की देव होय म्हणाला आहे, कधी ते बोलला नाही, तरी थोडं थांबावं. तलाठ्यानं चार दिवस वाट पाहिली आणि विट्याची मुलगी केली. येसूबाई दोन दिवस जेवल्या नाहीत. पण मला काही बोलल्या नाहीत.

अर्ज टाकायला त्या स्वतः पोस्टात गेल्या. लग्नाचं पहिलं आमंत्रण जसं सुपारी ठेवून देवाला देतात, तसं त्यांच्या मनात आलं की कागदानं एकट्यानं परक्या गावात जाऊ नये. डोळे मिटले आणि दोहोंपैकी एका पाकिटात मला सोडलं. ते साडेतीन वर्षांचं निघालं. मी गोंदाच्या वासात तीन दिवस काढून साताऱ्यात पोचले.

तिथं हेडक्लार्क सोपानराव. अत्यंत काटेकोर माणूस. पाकीट उलटं केलं तशी मी त्यांच्या टेबलावर घरंगळले, अर्थात उजवीकडे. त्यांनी मला चष्मा काढून पाहिलं, चष्मा लावून पाहिलं, आणि लिहिलं: "सोबत जोडलेली कागदपत्रे. एक, शाळा सोडल्याचा दाखला. दोन, गुणपत्रक. तीन, जन्मतारखेचा दाखला. चार, वर्तणुकीचा दाखला. पाच, सुपारी, नग एक, हळद लागलेली." आलेल्या प्रत्येक गोष्टीवर शिक्का मारायचा असा नियम होता. मारला. मला दुसरं कुंकू लावल्यासारखं वाटलं.

मग उंब्रजला पत्र गेलं: "वस्तू क्रमांक पाचचा खुलासा करावा." येसूबाईंनी मालनकडून उत्तर लिहून घेतलं: "ती वस्तू नव्हे. ते गणपती आहेत. मुलीची काळजी वाटून बरोबर धाडले आहेत. त्यांना पालथे ठेवू नये."

हे पत्र वाचून सोपानराव गंभीर झाले. अर्जावर ठळक छापलेलं होतं, उमेदवारानं कुणा वजनदार व्यक्तीची शिफारस आणल्यास अर्ज रद्द होईल. त्यांनी फाइलवर लिहिलं: "प्रस्तुत प्रकरणी प्रत्यक्ष गणपतीची शिफारस दिसते. याहून वजनदार व्यक्ती या कार्यालयाच्या माहितीत नाही. अर्ज रद्द करावा काय?"

आणि मला लाल फितीत बांधून मेट्रनबाईंच्या टेबलावर ठेवलं.

माझ्या जिवाचं पाणी झालं. आयुष्यभर सगळ्यांना होय म्हणत आले, आणि माझ्या पायी पोरीला कायमचं नाही ऐकावं लागणार होतं.

जानेवारीत मुलाखत झाली. मेट्रन रणभिसेबाई उंच, पांढऱ्या साडीतल्या, गळ्यात लहानसा क्रूस. समोर मालन, बाजूला आईबाप. केरबांनी आत येताच बूट काढायला घेतला.

"राहू द्या," बाई म्हणाल्या. "मुलीनं अर्जातच लिहिलंय बोटांचं. हे दोन अर्ज का?"

"देवानं दोन्ही सांगितलं, बाई," येसूबाई म्हणाल्या. "इचारा पायजे तर. तुमच्याच टेबलावर बसलाय."

सोपानराव खोकले. रणभिसेबाईंनी मला क्षणभर निरखलं. "माझी प्रार्थना वेगळ्या ठिकाणी असते," त्या म्हणाल्या, "पण विचारायला काही हरकत नाही. सोपानराव, स्वयंपाकघरातून मूठभर तांदूळ आणा."

येसूबाईंनी मला बसवलं. बाईंनी विचारलं, "हिला दोन वर्षांना घेऊ?" होय. "साडेतीनांना घेऊ?" होय. "एकदम दोन्हींना घेऊ?" होय. "आज रविवार आहे का?"

गुरुवार होता. मी काय करणार, होय म्हटलं.

"सोपानरावांची वाईला बदली करू?"

"बाई!" सोपानराव ओरडले. पण मी उजवीकडे गेले होते.

मग रणभिसेबाईंनी शेरा सांगितला, सोपानरावांनी लिहिला: "सदर शिफारसकर्ता सर्वांना आणि सर्व बाबतींत होय म्हणतो. सबब त्याचे म्हणणे शिफारस धरता येत नाही. अर्ज ग्राह्य." माझा जीव भांड्यात पडला.

येसूबाई मात्र माझ्याकडे बघत होत्या. अठरा वर्षं डोळ्यांपुढून गेली असावीत. म्हैस, स्थळं, उपास, सगळं.

"म्हंजे," त्या हळूच म्हणाल्या, "हिनं मला कवाच न्हाई म्हटलं न्हवतं?"

"आई, मला नववीतच कळलं होतं," मालन म्हणाली. "पर तू खुशीत असायचीस."

रणभिसेबाईंनी एक कागद पुढं सरकवला. "एकच अर्ज ठेवायचा. कुठला ते मुलीनं सांगायचं. पण संमतीची सही मी आईची घेते. बापाची सही घेतलेल्या पोरी, आई रडते म्हणून सहाव्या महिन्यात परत जातात. असं पुष्कळ पाहिलंय मी."

"साडेतीनाचा," मालन म्हणाली. आणि आईकडे न बघता खिडकीबाहेर बघत राहिली.

पेन येसूबाईंच्या हातात. त्यांनी ते खाली ठेवलं, मला उचललं आणि पुन्हा तांदळावर बसवलं. मी काय सांगणार हे आता त्या खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं. तरी त्यांनी डोळे मिटले आणि मोठ्यानं विचारलं, "माझ्याबिगर माझी पोर ऱ्हाईल का रं बाप्पा नीट?"

मी घरंगळले. एवढ्या मनापासून मी कधीच घरंगळले नव्हते. टेबलाच्या पार कडेपर्यंत गेले.

येसूबाईंनी पदरानं डोळे पुसले आणि एकेक अक्षर कोरून नाव लिहिलं.

मी मात्र अडकले. उमेदवाराचं प्रकरण संपेपर्यंत सोबतची कागदपत्रं परत द्यायची नाहीत, असा नियम निघाला. येसूबाई उलट खूश झाल्या. देव पोरीपाशी राहिला, आणि त्यांना निमित्त मिळालं. दर संकष्टीला त्या एस.टी.नं साताऱ्याला यायच्या. सोपानराव फाइल काढून, झटकून, स्टुलावर ठेवायचे. फायलींच्या कपाटापुढं दबक्या आवाजात आरती व्हायची, कारकून प्रसादाला रांग लावायचे. मग त्या मालनला वसतिगृहात भेटून परतायच्या. खुद्द सोपानराव कुणी नाही असं बघून मला विचारायचे, "वाईची बदली टळेल ना?" मी होय म्हणायची. टळलीही.

पहिल्याच संकष्टीला येसूबाईंनी विचारलं होतं, "पोरीचं नाव वहीत चढंपत्तुर सोमवार निर्जळी धरू?" मी होय म्हटलं. त्या धरत राहिल्या. साडेतीन वर्षं मी त्यांचे हात फिकट होताना पाहिले, पायऱ्या चढून आल्यावर त्यांचा श्वास ऐकला. प्रत्येक वेळी त्या विचारायच्या, "चालू ठेवू न्हवं?" आणि मी उजवीकडे.

एकोणसत्तरच्या श्रावणात मालनचा नोंदणी क्रमांक आला. फाइल बंद झाली. सोमवारच होता. येसूबाई केरबांना घेऊन मला न्यायला आल्या. मालननं पांढऱ्या साडीत, डोक्यावर टोपी घालून, स्वतः सही केली: मूळ कागद चार, सुपारी एक.

"आता बाप्पाचं उपकार फेडायला आनखी साडेतीन वरसं धरते सोमवार," येसूबाई म्हणाल्या.

मालननं त्यांना बाकावर बसवलं. मनगट धरून घड्याळाकडे पाहिलं. डोळ्याची खालची पापणी बोटानं ओढून पाहिली. नखं पाहिली. मग म्हणाली, "नाही."

"काय न्हाई?"

"निर्जळी नाही. अंगात रक्त राहिलेलं नाही तुझ्या. आज डॉक्टरांना दाखवायचं, गोळ्या घ्यायच्या. देवाचं नाव घे पायजे तेवढं. पर उपाशी नाही."

"आगं पर नवस..."

"नवस फिटला. थांबायचं, आई."

केरबा उगाच खोकले आणि बाहेर बघू लागले. येसूबाईंचा हात पदराच्या गाठीकडे आला, मी होते तिथं. मी तयार होते, देठ पुढं करून. पण गाठ सुटली नाही. हात तसाच थोडा वेळ राहिला आणि खाली गेला.

"बरं," येसूबाई म्हणाल्या.

आता आम्ही इस्पितळाच्या उपाहारगृहात बसलो आहोत. समोर चहा आहे आणि राजगिऱ्याचा लाडू. येसूबाईंनी मला पदरात अजून दोन वेढे घालून पाठीमागं टाकलं आहे, सोमवारी चहा घेताना देवाला दिसू नये म्हणून. बायांनो, माझं एवढंच मागणं आहे. तुमच्या घरी माझ्यासारखी कुणी असेल तर तिला हळदकुंकू लावा, आरती करा, डबीत कोरडी ठेवा. पोटाच्या आणि पोरीच्या गोष्टी मात्र आमच्यावर सोपवू नका. आम्हाला एकच वाट येते.

पलीकडं कपाला हात लागल्याचा आवाज झाला. पण घोट काही ऐकू येत नाही.

घ्या ना, येसूबाई. निवतोय चहा.