तांब्याच्या हंड्यातले तीन मासे

मित्रांनो, मी तांब्याचा हंडा. वय झालं तरी कुठं चेपलेलो नाही, गळतही नाही. तरीही गेल्या पाच वर्षांत माझ्यात कुणी घोटभर पाणी भरलेलं नाही. असं का झालं, ते सांगतो.

कोल्हापुरातल्या एका तांबटानं मला ठोकून घडवलं. अंबादास मास्तरांचं लग्न झालं, तेव्हा त्यांच्या थोरल्या बहिणीनं, अक्कांनी, नव्या भावजयीसाठी मला निवडलं. मास्तर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत. भावजय मीनाक्षी विजयदुर्गाकडची, समुद्राकाठी वाढलेली. रोज सकाळी माझ्यात पाणी भरताना ती म्हणायची, "किती गोड पाणी तुमच्याकडं!" पण म्हणताना तिचे डोळे भरून यायचे.

मास्तरांच्या ते ध्यानात आलं. त्यांनी काचेची मोठी पेटी करून घेतली. मीनाक्षीचे दादा गगनबावड्याच्या मोटारीनं चिनी मातीच्या बरण्यांतून समुद्राचं पाणी पाठवू लागले. एकदा ते स्वतःच आले, खडकातल्या डबक्यात धरलेले बोटाएवढे तीन पट्टेरी मासे घेऊन. त्या दिवसापासून मीनाक्षी काम करता करता गुणगुणू लागली. मासेही तिची चाहूल लागली की काचेला येऊन भिडत.

पुढं एकदा सर्वांत लहान माशाच्या अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके उठले. तो दगडाला अंग घासू लागला, खाईना. मास्तरांनी त्याला वेगळ्या बरणीत ठेवलं आणि मोरचुदाचं पाणी थेंब थेंब मोजून घातलं. दोन आठवड्यांत मासा बरा झाला.

"कशानं बरा झाला हो?" मीनाक्षीनं विचारलं.

"तांब्यानं. मोरचूद म्हणजे तांबंच की. त्यानं ठिपक्यांचे जंतू मरतात," मास्तर म्हणाले आणि घाईनं कॉलेजला गेले.

कोपऱ्यात मी केवढा फुशारलो होतो!

त्या श्रावणात घाटात दरड कोसळली. मोटारी बंद झाल्या, नवं पाणी येईना. मास्तर चार दिवसांसाठी गारगोटीला गेले होते. नेमके तेव्हाच तिन्ही माशांवर ठिपके उठले. मोरचुदाची बाटली कॉलेजच्या कपाटात, कुलपात. अक्का कसबा बावड्याला नातलगांकडं गेलेल्या. मीनाक्षीनं विचारायचं तरी कुणाला?

तिनं मला पुढं ओढलं. चिंचेनं घासून घासून लखलखीत केलं. मग पेटीतलं खारं पाणी माझ्यात ओतलं आणि तिन्ही मासे अलगद सोडले.

"आता बरे व्हाल हं," ती म्हणाली.

मित्रांनो, मी पाण्याचा हंडा. मला आतून कल्हई नव्हती. खारं पाणी माझं अंग झिजवू लागलं आणि माझं तांबं त्या पाण्यात उतरू लागलं, थेंबांच्या मापाबाहेर, विष होईल इतकं. मासे आधीच अशक्त होते. ते वर येऊन तोंडं उघडू लागले. मीनाक्षीला वाटलं, औषध लागू पडतंय. मला कळत होतं, पण मला कुठं तोंड होतं? लहानगा माझ्या काठाशी येऊन तिच्याकडं बघत राहिला. मग तो आडवा झाला. दुपार कलायच्या आत तिघेही गेले.

अक्का परतल्या तेव्हा मीनाक्षी मला कवटाळून बसली होती.

"अगं, ताकसुदीक तांब्यात ठेवत न्हाईत, कळकतं! आन् तू मिठाचं पाणी ठेवलंस व्हय?" अक्का मोठ्यानं बोलून गेल्या. मग तिचा चेहरा बघून खाली बसल्या आणि तिला जवळ घेतलं. "रडू नगंस. तुला कुणी सांगितलंच न्हाई की."

मास्तर आले. माझ्यातलं पाणी बघून त्यांना सगळं उमगलं. "चूक माझी आहे, मीनाक्षी," ते म्हणाले. "मी औषधाचं नाव सांगितलं, माप सांगितलं नाही."

"तो माझ्याकडं बघत होता हो," ती एवढंच म्हणाली.

घाट सुरू झाल्यावर दादांचं पत्र आलं, नवे मासे पाठवू का? तिनं एका शब्दात उत्तर लिहिलं, 'नको.' तिचं गुणगुणणं थांबलं. मला माळ्यावर ठेवताना तिनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. तिनं मला दोष दिला असता, तर थोडं बरं वाटलं असतं.

मित्रांनो, मुका जीव पाळाल, तर त्याला औषध देण्याआधी विचारा: किती द्यायचं, कशात द्यायचं, किती वेळ ठेवायचं? आणि ज्याला हे ठाऊक आहे, त्यानं घाईत अर्धंच सांगून जाऊ नये. मीनाक्षीच्या मायेत काही कमी नव्हतं. कमी होतं ते एक वाक्य, आणि ते तिला कुणी सांगितलं नाही.