चुना लावलेली झाडे

वऱ्हाडात विजेची रेल्वे आणण्याचा मान माझ्याकडे जातो. म्हणजे अमरावती ते चांदूर बाजार अशी गाडी काढणाऱ्या कंपनीत मी पत्रे लिहीत असे, आणि पत्रांत ती वेळेवर धावत असे.

सव्वीस साली तारेच्या खांबांची मोजणी झाली. रांगेत पुंजाराम माळ्याची संत्र्याची तीन झाडे आली. बाग त्या साली पहिल्यांदाच फळाला आली होती. पुंजाराम म्हणाला, तीन घ्या, बाकीच्यांना धक्का लावू नका. मी शब्द दिला. मोजणीदाराने तिन्हींवर चुन्याचे पट्टे ओढले आणि मी मुकादम सूर्यभानला लेखी हुकूम पाठवला : चुना लावलेली झाडे तोडावीत.

पावसाळा सरला की वाळवी चढू नये म्हणून बागवाले झाडांचे बुंधे कमरेपर्यंत चुन्याने रंगवतात, हे वऱ्हाडात शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. मी नागपूरच्या कॉलेजात तर्कशास्त्र शिकलो होतो. त्याच आठवड्यात पुंजारामने सगळी बाग रंगवली. सूर्यभानने माणूस पाठवून विचारले, सगळीच तोडायची का? मला हा उद्धटपणा वाटला. हुकूम नीट वाचा, असे मी कळवले.

त्याने नीट वाचला.

मी पोचलो तेव्हा बाग आडवी झाली होती. हिरवी फळे फांद्यांवरच होती. सूर्यभानने खिशातून माझा कागद काढला. पुंजारामला वाचता येत नव्हते.

"बाबू, यात का लिवलं हाये?"

"तीनच झाडं लिहिलीत," मी म्हणालो. "मुकादमानं चुकीचं वाचलं."

सूर्यभानला वाचता येत होते. त्याने माझ्याकडे पाहिले, कागदाची घडी घातली आणि खाली मान घातली. त्यालाही नोकरी टिकवायची होती.

"आता उभे काहून रायले?" पुंजारामची बायको रुख्मिणी नवऱ्याला म्हणाली. "फळं वेचा. बकऱ्यायले तरी होतीन."

पुंजाराम मात्र माझीच समजूत घालू लागला. "जाऊ द्या बाबू. माणसाच्या हातून होते. गाडी तं येईन ना?"

येईल, म्हणालो.

दुसऱ्या दिवशी खरे काय ते सांगून टाकायला मी अकोल्याच्या मुख्य कचेरीत गेलो. मॅनेजरने अर्धवट ऐकून घेतले आणि कोणती बाग ते दाखवा म्हणून मार्गाचा नकाशा पुढे पसरला. पूर्ण नकाशा मी प्रथमच पाहत होतो. रूळ होते, खांब होते, बायकांसाठी वेगळी वेटिंगरूम होती. वीजघर कुठेच नव्हते.