ऑल-स्टार सामन्यातला कोरा बॉल

मी एक जुना बेसबॉल आहे, मित्रांनो. पण माझ्या बोलण्यावर लगेच विश्वास ठेवू नका. आम्हा बॉलांवर तसा कोणीच ठेवत नाही.

नवा होतो तेव्हा मी पांढराशुभ्र होतो, अंगावर लाल दोऱ्याची शिवण. माझी चकाकी बघूनच लोकांना शंका आली. हातातून निसटेन म्हणून मला मातीने चोळलं. मग अंपायरने उलटसुलट करून पाहिलं, मला फेकणाऱ्या पिचरने पाहिलं, फटका मारणाऱ्याने तर डोळे बारीक करून पाहिलं. तेव्हापासून मीही सगळ्यांकडे तसाच बघतो.

सामना मात्र मोठा होता. हंगामातले निवडक खेळाडू एकदा एकत्र येऊन खेळत, तो ऑल-स्टार सामना. त्या वर्षी तो मेलबर्नला होता. हार-जीत कोणी मनावर घेत नव्हतं, सगळा मजेचा मामला. एक फटका तिरका बसला आणि मी थेट प्रेक्षकांत गेलो. मेलबर्नच्याच पॉइंट कुक या उपनगरातून आलेल्या नचिकेतने मला उघड्या हातांनी झेललं. बोट टम्म सुजलं, तरी पठ्ठ्याने मला शेजारी बसलेल्या मित्राच्या, विलासच्या हातात ठेवलं. "घे रे, हॅपी बर्थडे!" मग दोघांनी कुंपणाशी उभं राहून माझ्यावर खेळाडूंच्या सह्या घेतल्या.

विलासच्या हॉलमधल्या फळीवर मी अनेक वर्षं ऐटीत राहिलो. पाहुणे आले की मला खाली काढून सह्या वाचत. फार लाड झाले माझे.

एकदा नचिकेतने मला शाळेत दाखवायला म्हणून मुलीसाठी मागून नेलं. तेवढ्यात करोना आला आणि शाळाच बंद झाल्या. इकडे विलासच्या घरी त्याचे सासरे, मुरलीधरराव, पुण्याहून लेकीकडे आले होते, ते विमानं थांबल्यामुळे अडकून पडले. एके दिवशी नचिकेतने मला पिशवीत घालून विलासच्या दाराशी ठेवलं, बेल वाजवली आणि लांबूनच हात हलवून तो गेला.

त्या दिवसांत दाराशी आलेली प्रत्येक वस्तू संशयित होती. दूध, केळी, कोथिंबीर, सगळ्यांना आंघोळ. मुरलीधररावांनी मलाही सॅनिटायझर लावून स्क्रबरने खसाखसा घासलं, कोरडं केलं आणि फळीवर ठेवलं.

संध्याकाळी विलासने मला पाहिलं, मला घेऊन तो खोलीत गेला आणि बायकोला बोलावून दार लावलं.

"लीना, हा आपला बॉल नाहीये, यावर एकही सही नाही. नचिकेतने चक्क स्वॅप केलाय."

"काहीतरीच काय! बोलून तरी बघ ना त्याच्याशी."

"कबूल करणार आहे का तो?"

तोच होतो हो मी! ओरडून सांगावंसं वाटत होतं, पण बॉलाला तोंड कुठलं? विलासने मित्रांच्या ग्रुपवर लिहिलं, 'सांभाळा मंडळी, काही लोक वस्तू नेतात एक आणि परत करतात दुसरी.' नाव घातलं नव्हतं, पण मला कोणी नेलं होतं ते सगळ्यांना ठाऊक होतं. नचिकेत ग्रुपमधून बाहेर पडला.

काही दिवसांनी जेवताना लीनाने तो विषय काढला. मुरलीधररावांचा घास हातातच राहिला.

"विलासराव, तो बॉल मी धुतला. त्या सह्या होत्या? मला वाटलं, कुणीतरी पेनने गिरगटून ठेवलंय. निघता निघत नव्हतं हो."

विलासचा चेहरा पडला. त्याने ग्रुपवर नाव घेऊन माफी मागितली, मास्क लावला आणि मला घेऊन चालतच नचिकेतचं घर गाठलं. नचिकेत दारातच उभा राहिला.

"सॉरी, मित्रा. चूक माझीच. हा तुझ्याकडेच ठेव."

"नको. परत नेऊन ठेव तुझ्या फळीवर." नचिकेतचा आवाज शांत होता, म्हणूनच मला भीती वाटली. "उद्या तुझ्या घरातलं आणखी काही हरवलं, की पुन्हा माझंच नाव यायचं."

दार लागलं. विलास मला घेऊन घरी परतला.

मित्रांनो, सह्या गेल्याचं मला फारसं वाटत नाही. सामने पुन्हा होतील, दुसऱ्या बॉलांवर सह्या होतील. पण आपल्या माणसाबद्दल मनात शंका आली, तर चारचौघांत बोलण्याआधी त्यालाच विचारा. विलासने विचारलं असतं, तर एका फोनचं काम होतं.